एका बोटाचं दार

गावात त्याला सगळे दारवाला म्हणत. गॅरेजवरच्या पाटीवर 'गाड्यांची सर्व कामे' असं ठसठशीत लिहिलं होतं, पण लोक इंजिनं घेऊन दुसरीकडे जात आणि दारं घेऊन त्याच्याकडे येत. दार लोंबतंय, कुरकुरतंय, आपटल्याशिवाय लागत नाही, असं कुणी म्हटलं की त्याला हुरूप यायचा. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी त्याचं अर्धं लक्ष त्यांच्या कपाटाकडे असे. बायको म्हणायची, आमची पहिली भेट झाली तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी दाराच्या बिजागऱ्या बघून घेतल्या.

त्याचा एक हट्ट होता. दुरुस्त केलेलं दार एका बोटाने उघडलं पाहिजे आणि एका बोटाने लागलं पाहिजे. दुसरं बोट लावावं लागलं तर काम अपुरं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, घड्याळ दाखवो, नाक मुरडो, दार एका बोटाचं झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे.

त्या दिवशी सकाळी ताई तिची पिकअप घेऊन आली. ताई म्हणजे त्याची सख्खी मोठी बहीण. तिची रोपवाटिका होती, आणि कुंड्या, रोपं, मातीच्या पिशव्या घरोघर पोचवायला ही पिकअप. गाडी सासऱ्यांची. ते मधे वारले आणि गाडी हिच्याकडे आली. रंग उडालेला, पत्रा जागोजागी पोचे आलेला, पण इंजिन अजून ठणठणीत. मागच्या हौद्यात पोचवायच्या कुंड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. पुढे एकच सलग सीट, आणि तिच्यावर ताईशेजारी ठकी बसलेली.

ठकी ही त्याची भाची. नुकतीच शाळेत जाऊ लागलेली, बोलण्यात मात्र घरच्या कर्त्या बाईसारखी. तिला पाहुण्यांचा भारी नाद. घरी कुणी आलं की आईच्या आधी ही दारात उभी, 'या ना, बसा'. पोस्टमनला बसा, दूधवाल्याला बसा, एकदा तर कुंपणावरून आलेल्या मांजराला सरकून जागा दिली होती. गॅरेजात उतरल्या उतरल्या तिने कोपऱ्यातलं स्टूल फडक्याने पुसलं आणि मामालाच सांगितलं, "या ना, बसा."

"बसतो हं," तो हसत म्हणाला. "आधी तुझ्या आईचं दार बघू."

"हसू नकोस," ताई म्हणाली. "काल वळणावर तिच्या बाजूचं दार उघडलं. चालत्या गाडीत."

तिने काय झालं ते सांगितलं, आणि सांगताना तिचा हात ठकीच्या डोक्यावरून हलला नाही. गाडी वळली, दार बाहेर झुकलं, ठकी त्याच्याबरोबर घसरली. ताईने एका हाताने स्टिअरिंग आणि एका हाताने तिचा फ्रॉक धरला. चप्पल रस्त्यावर पडली, ती परत आणायलाही ताई थांबली नाही. इतकी ती घाबरली होती. आणि ताई सहसा घाबरत नाही. लहानपणी अंधाऱ्या खोलीतून काही आणायचं असलं की तीच जायची, आणि परत येऊन ह्याला चिडवायची, भित्री भागूबाई.

"पट्टा नव्हता लावला?"

"पट्टा आहे कुठे त्या बाजूला? सासऱ्यांनी तिथे कधी कुणाला बसूच दिलं नाही. पाहुणे मागे हौद्यात. सासूबाईसुद्धा मागे, ताडपत्री पांघरून. विचारलं की म्हणायचे, त्या बाजूला कुणाला घ्यायचं नाही."

"चिक्कूपणा. दुसरं काय."

"मला वाटायचं तऱ्हेवाईकपणा. आणि गाडी उभी म्हणून कधी करायचे नाहीत. घरासमोर मी डबा हातात घेऊन उभी असायची, तर ते चालत्या गाडीतूनच हात बाहेर काढायचे."

त्याला ते दृश्य डोळ्यांसमोर आलं आणि हसूच फुटलं. ताईही हसली. तेवढ्याने दोघांचा जीव जरा हलका झाला.

पलीकडच्या दाराला आतून दोरी होती. दाराच्या मुठीपासून सीटच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत ताणून बांधलेली, वर्षानुवर्षांच्या हातांच्या तेलकटपणाने काळी पडलेली, गाठीवर गाठ. मधे ती सैल पडली होती आणि तिथूनच कालचा प्रसंग ओढवला होता. दारवाल्याने गाठी सोडवायचा प्रयत्न केला, मग कंटाळून सुरीने कापली आणि भंगाराच्या डब्यात फेकली. दोरीने बांधलेलं दार म्हणजे त्याच्या लेखी दारांचा अपमान होता.

त्याने ड्रायव्हरच्या बाजूपासून सुरुवात केली. तिकडे सगळं अपेक्षेप्रमाणे. दिवसातून कितीदा तरी उघडलेलं दार, म्हाताऱ्याने त्याच्यावर भार टाकत चढाउतरायचं. बिजागरीच्या पिना एका अंगाने झिजलेल्या, पिनांभोवतीचे पितळी बुश लांबोळे झालेले. दाराखाली लाकडी ठोकळा घालून जॅकने त्याने भार उचलला, पिना ठोकून काढल्या, नवे बुश बसवले, नव्या पिना घातल्या. दार उचललं गेलं, चौकटीत चपखल बसलं. एका बोटाने उघडलं, एका बोटाने लागलं. त्याने स्वतःशीच शीळ घातली.

मग तो पलीकडे गेला.

कधीच न उघडलेलं दार. म्हणजे बिजागऱ्या नव्यासारख्या असायला हव्यात, फार तर गंजलेल्या. त्याने दार उघडलं आणि ते चांगलं दोन बोटं खाली बसलं. पिना काढल्या तर त्या कमरेत खाल्लेल्या, ड्रायव्हरच्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त. त्याने एक पीन उजेडात धरून फिरवून पाहिली. इतकी झीज नुसत्या दाराच्या वजनाने होत नाही. त्याला काहीतरी लटकलेलं लागतं.

खालचं पायदानही तसंच. ड्रायव्हरकडचं सरळ, आणि हे मधोमध दबलेलं, त्याचं रबर गुळगुळीत. बाहेरच्या मुठीचा रंग उडून आतलं लोखंड चकाकत होतं. दाराच्या बाकी पत्र्यावर धुळीचा थर, आणि मूठ मात्र रोज पुसल्यासारखी.

'खराब रस्ते,' तो मनाशी म्हणाला. खराब रस्त्यांनी मूठ चकाकत नाही हे त्यालाही कळत होतं. पण हात चालू होते, आणि हात चालू असले की डोकं फार खोलात जात नाही.

दार नव्या पिनांवर चढलं. मग चौकटीवरची खुंटी, जिला गॅरेजात स्ट्रायकर म्हणतात आणि जिला दारातल्या लॅचचा आकडा पकडतो, ती खोबण पडून झिजली होती. ती काढून त्याने इतर जुन्या सामानाबरोबर ताटलीत टाकली आणि नवी बसवली. लॅचही बदललं. शेवटी दाराचं आतलं कव्हर काढलं, आणि तिथे त्याला गंमत दिसली. बाहेरची मूठ ओढली की एक बारीक सळई वर जाते आणि लॅच सोडते. ती सळई आणि लॅच जोडणारी क्लिपच नव्हती. सळई नुसतीच लोंबत होती. तुटलेली नव्हे, कुणीतरी काढून घेतलेली, कारण तिची जागा स्वच्छ होती. म्हणजे बाहेरून मूठ कितीही ओढा, दार उघडणार नाही.

"ताई, तुझ्या सासऱ्यांनी क्लिपसुद्धा काढून ठेवली होती गं," त्याने ओरडून सांगितलं. ताई आवाराच्या टोकाला नळाशी कुंड्यांवर पाणी मारत होती. ठकी तिच्याजवळच रिकाम्या डब्यांची पंगत मांडून बसली होती.

तो गाडीत शिरला, दार आतून लावून घेतलं आणि सीटवर आडवा होऊन दाराच्या पोटात टॉर्च मारली. क्लिप बसवायची तर दार बंद असलेलं बरं पडतं. बाहेर टळटळीत दुपार होती. आत पत्रा तापला होता, ग्रीसचा वास कोंडला होता.

गाडी त्याच्या डोक्याच्या बाजूला किंचित झुकली.

पायदानावर कुणी पाय ठेवला की जुनी स्प्रिंग कण्हते, तशी कण्हली.

"ठके, खाली उतर बघू," तो टॉर्चवरून नजर न काढता म्हणाला. "ग्रीस लागेल फ्रॉकला."

 सळई हलली.

ती त्याच्या नाकासमोर होती. आधी थरथरली, मग सावकाश वर गेली, वर पोचली आणि तिथेच थांबली. बाहेर कुणीतरी मूठ ओढून धरली होती. टॉर्चच्या उजेडात सळईचं मोकळं टोक लॅचला शोधत असल्यासारखं लॅचच्या बाजूने वरखाली होऊ लागलं. मग खाली. मग परत वर. घाई नव्हती. सवयीने करावं तसं.

"ठके?"

नळापाशी डबे वाजले. तिथून ठकीचा आवाज आला, "तुम्हाला अजून वाढू का?"

 त्याने मान उचलून काचेतून पाहिलं. काचेपलीकडे कुणीही नव्हतं. आवार होतं, उन्हात पडलेले जुने टायर होते, पलीकडे ताईची पाठ होती. आणि खाली, दाराच्या पोटात, सळई पुन्हा वर गेली.

तो ड्रायव्हरच्या बाजूने बाहेर पडला तो जवळजवळ धडपडतच. गाडीला वळसा घालून आला. पायदानावर दुपारची बारीक धूळ बसली होती आणि तिच्यावर एकही ठसा नव्हता. फक्त पायदान अजून हलत होतं.

ताई नळ बंद करून आली. "झालं?"

"गाडी आज राहू दे इथे."

"का? काय राहिलंय?"

त्याने तोंड उघडलं. काय सांगणार होता? की भर दुपारी सळई हलली? त्याला तिचं लहानपणचं हसू आठवलं आणि त्याने विषय फिरवला.

"तसं काही नाही. ती क्लिप नाही बसवली तर चालेल का, विचारत होतो. दार आतून उघडतं. बाहेरून नाही उघडलं तर कुठे बिघडलं?"

"बिघडलं? उद्या गाडी उलटली, मी शुद्धीवर नाही, तर लोक हिला बाहेर कसं काढणार? काच फोडून?" ताईने त्याच्याकडे निरखून पाहिलं. "अरे, घामाघूम झालायस. झालंय काय तुला? परत भागूबाई का?"

 ती म्हणत होती ते बरोबर होतं. कुठलाही शहाणा माणूस तेच म्हणाला असता. त्याने स्वतःला समजावलं. मुठीची स्प्रिंग जुनी, तिच्यावर उन्हाचा ताव, आपण नवं ग्रीस लावलेलं. लोखंड तापलं की हलतं. तो परत आत शिरला, पण ह्या वेळी दार सताड उघडं ठेवून, अवघडून, हात मुरगाळून त्याने क्लिप बसवली. बसताना ती टक्कन वाजली. कव्हर लावलं. सीटला नवा पट्टा जोडला. खिडकीच्या कडेचं लॉकचं बटण वरखाली करून पाहिलं. सगळं झाल्यावर त्याने सवयीने ठकीला हाक मारली.

"ये, तू बघ उघडून. बाहेरून. एकच बोट लावायचं."

ठकीने जीभ दाताखाली धरून मुठीखाली एक बोट घातलं. दार अलगद उघडलं, आवाज न करता, पिसासारखं. तिने एका बोटाने ढकललं, ते लागलं. टक. पहिल्या झटक्यात.

"जादू!" ती म्हणाली. आणि त्या क्षणी, खरं सांगायचं तर, त्याची भीती विरघळली. इतकं सुरेख दार त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं.

ताई गाडीत बसली. ठकी पट्टा लावून खिडकीतून हात हलवत राहिली. पिकअप फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली.

तो आत आला. हात धुतले, फडकं घेतलं, जुनं सामान आवरायला बसला. भंगारात टाकायच्या आधी प्रत्येक झिजलेला तुकडा बघायची त्याची खोड होती. ताटलीत पलीकडच्या दाराची जुनी खुंटी होती. त्याने ती अंगठ्याने चाचपली. खोबण खोल होती, नख सहज रुतेल एवढी. मग तिची बाजू त्याच्या ध्यानात आली.

दार लावून लावून झिजते ती खुंटीची बाहेरची बाजू. दोरीने दार आत ओढलेलं होतं, त्यानेही झिजली असती तर बाहेरचीच. ही आतल्या बाजूने झिजली होती. बंद दार बाहेरून ओढलं तरच आकडा तिथे घासतो. आणि एवढी खोबण एकदोनदा ओढून पडत नाही. वर्षानुवर्षं, गाडी जिथे जिथे थांबेल तिथे, कुणीतरी ते दार बाहेरून ओढत आलं होतं.

म्हाताऱ्याचं ते चालत्या गाडीतून डबा घेणं त्याला आठवलं. आता त्याला हसू आलं नाही.

दोरी. क्लिप. लोंबणारं, अडकणारं, जोर केल्याशिवाय न हलणारं दार. म्हाताऱ्याने आळसाने ते दुरुस्त केलं नाही असं नव्हतं. त्याने ते मोठ्या मेहनतीने तसं ठेवलं होतं.

आणि आता ते एका बोटाने उघडत होतं.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला.  त्याने भंगाराचा डबा उपडा केला, दोरीचे तुकडे मुठीत धरले आणि रस्त्यापर्यंत पळत गेला. रस्ता रिकामा होता. आपण मूर्ख आहोत, महामूर्ख आहोत, असं तो मोठ्याने म्हणत होता. त्याने पुन्हा फोन लावला.

उचलला गेला.

"हॅलो, मामा?"

"ठके! आई कुठेय? फोन आईला दे."

"आई मागे कुंड्या उतरवतेय. तिचे हात मातीचे आहेत."

"म्हणजे गाडी उभी आहे?"

"हो."

 आवाज त्याने जमेल तितका साधा ठेवला.

"बाळा, नीट ऐक. खिडकीच्या कडेला काळं बटण आहे ना? ते खाली दाब. घट्ट."

"थांब." कपड्यांची सळसळ झाली. "दाबलं."

"शाब्बास. आता आईला हाक मार. जोरात."

"मामा, ते वर आलं."

"परत दाब."

"दाबलं." मग जराशाने, "परत वर आलं."

"ठके, पट्टा सोड आणि आईच्या बाजूने खाली उतर. लगेच. ऐकतेयस ना?"

पट्टा सुटल्याचा आवाज आला.  सीटचं रेक्झिन करकरलं. ती सरकत होती. मग ती सरकायची थांबली.

"उतरलीस?"

 लांबून ताईचं काहीतरी गुणगुणणं, कुंडी जमिनीवर टेकल्याचा आवाज. आणि त्याहून जवळ, फोनच्या अगदी जवळ, जुनी स्प्रिंग कण्हली.

"ठके, उतर!"

"मामा, ठेवते मी," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणीतरी आलंय."

फोन सीटवर ठेवल्याचं त्याला ऐकू आलं. बंद मात्र झाला नाही. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून ताईच्या नावाने ओरडत होता, आणि ओरडतानाही त्याला ठकीचा तो शहाणा, घरच्या बाईसारखा आवाज स्पष्ट ऐकू येत होता.

"मी सरकलेय हं. या ना, बसा."

मग दार लागलं. अलगद, पहिल्या झटक्यात, एका बोटाने लावावं तसं.